एकदाच लिहा, सगळीकडे निस्तरा

एकच प्रोग्राम विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन अशा पाचही ठिकाणी चालावा या बेताने तो लिहिणे, याला क्रॉस-प्लॅटफॉर्म डेव्हलपमेंट म्हणतात. त्यासाठी कोणती प्रोग्रामिंग भाषा घ्यावी, हा निर्णय कामाच्या आरंभी करायचा असतो. प्रत्यक्षात तो आरंभी, अर्ध्यावर आणि डेमोच्या आदल्या रात्री असा तीन वेळा होतो, आणि तिन्ही वेळा निराळा होतो.

प्रोग्रामरला स्वतःला पाच प्लॅटफॉर्मांची हौस नसते. प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपवर चालला की त्याच्या लेखी काम संपलेले असते. पाचांचा आग्रह नेहमी बाहेरून येतो. उदाहरणादाखल पुण्यातली चार विंगांची एखादी हाउसिंग सोसायटी घ्यावी. तिला मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारे आणि पावती छापणारे अ‍ॅप हवे असते. काम सोसायटीतल्याच एका इंजिनीअर मुलाकडे जाते, कारण घरचाच मुलगा, तो पैसे मागणार नाही, अशी कमिटीची खात्री असते.

‘‘अरे, साधंच अ‍ॅप आहे. तुझं एका रविवारचं काम,’’ सेक्रेटरी सांगतात.

‘‘चालवायचं कशावर, काका?’’

‘‘ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. विंडोज सात आहे, पण मशीन अजून एकदम ठणठणीत.’’

‘‘मग काहीच प्रश्न नाही.’’

‘‘फक्त खजिनदारांना ते आयफोनवर दिसलं पाहिजे. वॉचमनकडे अँड्रॉइड आहे. चेअरमनसाहेबांना मुलानं अमेरिकेहून मॅक पाठवलाय, तो नुसताच पडून असतो. आणि बी विंगमधले प्रोफेसर तत्त्व म्हणून लिनक्सच वापरतात. त्यांना वगळलं तर सर्वसाधारण सभेत विषय निघेल.’’

येथे क्रॉस-प्लॅटफॉर्म डेव्हलपमेंटला सुरुवात होते.

या पाचांचे आपसात पटत नाही, त्यामागची कारणे बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक आणि फार जुनी असतात. विंडोजमध्ये फोल्डरांची नावे उलट्या तिरप्या रेघेने तोडतात, इतरत्र सुलट्या. डॉसमध्ये सुलटी रेघ आज्ञांचे पर्याय दाखवण्यात आधीच खर्ची पडली होती; १९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा त्यांच्या वाट्याला उरलेली उलटी आली. ओळ संपल्याची खूण करण्यातही असेच मतभेद आहेत. टेलिप्रिंटरच्या काळात ओळ संपली की छापणारा भाग डावीकडे परत आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे अशा दोन स्वतंत्र हालचाली होत्या. टेलिप्रिंटर गेले, कागदही गेला, तरी विंडोजने दोन्ही हालचाली जपल्या, युनिक्सने दुसरी ठेवली आणि जुन्या मॅकने पहिली. लिनक्सला फाइलच्या नावातले मोठे आणि लहान इंग्रजी अक्षर वेगळे वाटते, विंडोजला आणि सर्वसाधारणपणे मॅकलाही ते एकच वाटते. विंडोज १० पर्यंत तर सी, ओ, एन या तीन अक्षरांचे नाव फोल्डरला देताच येत नसे, कारण डॉसच्या काळात ते कीबोर्ड आणि पडदा यांच्यासाठी राखून ठेवले होते. काँट्रिब्यूशनचा हिशेब ठेवायला एखाद्या खजिनदाराने हौसेने असे फोल्डर करायला घेतले, तर त्याला कळत नाही की आपण चाळीस वर्षांपूर्वीच्या आरक्षणात पाय ठेवला आहे.

भाषांचे काम हे सगळे झाकून टाकणे. त्या झाकतातही, पण कोपरा कुठे ना कुठे उघडा राहतो.

पहिला मोठा प्रयत्न सी भाषेचा. १९७३ मध्ये युनिक्स सीमध्ये नव्याने लिहिले गेले आणि त्यामुळे ते एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे शक्य झाले. सी आजही पाचही प्लॅटफॉर्मांवर चालते. फक्त तिच्यातला ‘लाँग’ नावाचा पूर्णांक ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर ६४ बिटांचा असतो आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा. म्हणजे तोच हिशेब एका ठिकाणी बरोबर येतो आणि दुसऱ्या ठिकाणी रक्कम मोठी झाली की अचानक उणे होते. शिवाय मुरलेल्या सी प्रोग्राममध्ये पानोपानी ‘विंडोज असेल तर असे, नसेल तर तसे’ अशा अटी असतात. त्या अटींच्या मधोमध कधी कधी मूळ प्रोग्रामही सापडतो.

सीचा पुरस्कार करणारे ज्येष्ठ गृहस्थ प्रत्येक कंपनीत असतात. ‘‘आमच्या वेळी मेमरी स्वतः मागून घ्यायचो आणि स्वतः परत करायचो,’’ असे ते सांगतात. आणि परत करायची राहून जायची तेव्हा? ‘‘मशीन रिस्टार्ट.’’

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा आणली आणि ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ अशी घोषणा केली. घोषणा इतकी चांगली होती की लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. कल्पना अशी की प्रोग्राम कोणत्याच खऱ्या यंत्रासाठी लिहायचा नाही. एक काल्पनिक यंत्र मानायचे, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मवर त्या काल्पनिक यंत्राचे सोंग करणारा प्रोग्राम ठेवायचा. हिशेबाच्या बाबतीत हे उत्तम जमले. अडले ते बटणापाशी.

बटण हा या विषयाचा गाभा असल्याने तेथे थोडे थांबायला हवे. पडद्यावर बटण दाखवण्याचे दोनच मार्ग आहेत. पहिला, त्या त्या प्लॅटफॉर्मचे बटण उसने घ्यायचे. मग ते तिथल्यासारखे दिसते, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा आकार आणि स्वभाव वेगळा, त्यामुळे एकीकडे नीट बसलेला मजकूर दुसरीकडे अर्धवट कापला जातो. दुसरा मार्ग, बटण स्वतःच रंगवायचे. मग ते सगळीकडे सारखे दिसते, म्हणजे सगळीकडे सारखेच परके दिसते. जावाने आरंभी एडब्ल्यूटी या लायब्ररीत पहिला मार्ग धरला, तो अंगाशी आल्यावर १९९८ मध्ये स्विंगमध्ये दुसरा. त्यावर आयबीएमच्या मंडळींनी एक्लिप्स या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनासाठी पुन्हा पहिल्या मार्गाचे एसडब्ल्यूटी काढले. यानंतरच्या सगळ्या इतिहासात तिसरा मार्ग सापडलेला नाही, फक्त या दोन मार्गांची नावे बदलत गेली आहेत. सनच्या घोषणेचे ‘एकदा लिहा, सगळीकडे चुका शोधा’ हे रूप प्रोग्रामरांनी लवकरच रूढ केले.

जावाचा दुसरा गुण म्हणजे तिचे ते काल्पनिक यंत्र वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधी असावे लागते. आपल्याकडे आयकर विवरणपत्र भरण्याची एक युटिलिटी पूर्वी जावात मिळत असे, त्यामुळे जुलै महिन्यात ज्यांचा प्रोग्रामिंगशी काडीचा संबंध नाही अशा घरांतही ‘आपल्याकडे जावा कितवी आहे?’ हा प्रश्न विचारला जाई.

याच काळात सी प्लस प्लसवाल्यांनीही आपले मार्ग निवडले. १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात सुरू झालेल्या डब्ल्यूएक्स-विंडोज या लायब्ररीने बटण उसने घ्यायचे ठरवले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज’ या शब्दाला हरकत घेतली आणि २००४ मध्ये तिला आपले नावच बदलावे लागले. बटणे वापरायला मिळाली, आडनाव मिळाले नाही. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीच्या क्यूटीने बटण स्वतः रंगवले, पण ते इतके हुबेहूब की ओळखू येऊ नये. क्यूटी खरोखरच चांगली आहे. तिच्या वाटेत एकच अडचण, ती म्हणजे परवाना. तो वाचून आपल्याला फुकट वापरता येईल की पैसे भरावे लागतील हे समजून घेण्यात जो वेळ जातो, त्यात दोन स्क्रीन सहज होतात. सोसायटीच्या बाबतीत तर तो वाचायचीही वेळ येत नाही, कारण क्यूटी ६ ला किमान विंडोज १० लागते आणि सेक्रेटरींचे मशीन अजून ठणठणीत आहे.

मायक्रोसॉफ्टच्या सी शार्पकडे वळणाऱ्याला भाषेआधी नावे शिकावी लागतात. डॉट नेट फ्रेमवर्क निराळे, डॉट नेट कोअर निराळे, डॉट नेट स्टँडर्ड ही वस्तू नसून करार आहे. कोअरची तिसरी आवृत्ती झाल्यावर जुन्या फ्रेमवर्कच्या चौथ्या आवृत्तीशी घोटाळा नको म्हणून चार हा आकडा गाळला, ‘कोअर’ हा शब्दही गाळला, आणि २०२० मध्ये नुसते ‘डॉट नेट ५’ आले. घोटाळा टाळण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेनंतर नोकरीच्या मुलाखतींत एक नवा प्रश्न वाढला. मोबाइलसाठी आधी झामरिन होते, त्याचा पाठिंबा १ मे २०२४ रोजी संपला आणि त्याच्या जागी माउई आले. माउई विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन असे चारही सांभाळते. लिनक्सची अधिकृत सोय त्यात नाही, म्हणजे प्रोफेसर आले आणि सर्वसाधारण सभाही आली.

पायथनमध्ये तोच प्रोग्राम चतकोर ओळींत होतो, म्हणून घाईतला प्रत्येक जण तिच्याकडे धावतो. लिहून होईपर्यंत सुखच असते. मग तो दुसऱ्याच्या मशीनवर न्यायची वेळ येते. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली आणि पायथन २ ला निरोप मिळाला १ जानेवारी २०२० रोजी. मधली अकरा वर्षे ‘पायथन आहे’ या उत्तरानंतर ‘कोणती?’ विचारावे लागे. आताही ३.९ पासून पुढची कोणतीही आवृत्ती विंडोज ७ वर बसत नाही.

‘‘काका, तो कॉम्प्युटर बदलता येईल का?’’

‘‘तुझ्या अ‍ॅपसाठी? अरे, त्यावर आमचं सगळं चालतंय. तूच जरा जुन्यातलं काहीतरी बघ की.’’

जावास्क्रिप्ट या शर्यतीत उतरलीच नव्हती. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी ती दहा दिवसांत उभी केली, आणि नाव जावावरून घेतले ते त्या काळी जावाची चलती होती म्हणून. वेबपानांवर किरकोळ हालचाल करणे एवढेच तिचे काम. पण ब्राउझर सगळीकडे असतो, म्हणून ती सगळीकडे पोचली, आणि इलेक्ट्रॉन आल्यावर डेस्कटॉपवरही बसली. इलेक्ट्रॉनची युक्ती सोपी आहे: प्रत्येक अ‍ॅपबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर बांधून द्यायचा. लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आपला आचारी, आपला गॅस आणि आपली पातेली घेऊन यावे, तशी ही व्यवस्था असते. जेवण प्रत्येकाला मनासारखे मिळते, मांडवात उभे राहायला जागा उरत नाही. पावती छापणारे अ‍ॅप शंभर एमबीच्या पुढे जाते आणि जुन्या मशीनचा पंखा जोरात फिरू लागतो. सेक्रेटरींच्या मशीनचाही फिरला असता, पण इलेक्ट्रॉनने २०२३ मध्ये विंडोज ७ सोडून दिले.

जावास्क्रिप्टवाल्यांचा आणखी एक विशेष म्हणजे त्यांना काहीच स्वतः लिहायचे नसते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने भांडणातून काढून घेतले. मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरणे एवढेच ते करत असे, आणि त्यात अकरा ओळी होत्या. त्या अकरा ओळी गेल्यावर जगभर हजारो प्रकल्पांची बांधणी थांबली. डावीकडे जागा सोडायला आपण परक्यावर अवलंबून आहोत, हे पुष्कळांना त्या दिवशी कळले.

मोबाइलच्या बाजूला याच गोष्टी ताज्या उत्साहाने पुन्हा घडल्या. २०१५ मध्ये फेसबुकच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हने बटण उसने घेतले. घोषणा मात्र जपून केली: ‘एकदा शिका, कुठेही लिहा’. चालण्याबद्दल त्यात शब्द नाही. २०१८ च्या अखेरीस गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली. तिने डार्ट भाषेत, प्रत्येक ठिपका स्वतः रंगवून बटण काढले. स्विंगच्या वेळी जे जन्मलेही नव्हते, त्यांना ही कल्पना फार क्रांतिकारक वाटली. कोटलिन भाषेचा पंथ आणखी वेगळा आहे. तो म्हणतो, हिशेब एकदा लिहा आणि बटणाचे ज्याचे त्याने बघावे. जावा हे इंडोनेशियातल्या बेटाचे नाव आणि कोटलिन हे सेंट पीटर्सबर्गजवळच्या बेटाचे. दोन्ही बेटांवर उतरलेले लोक पलीकडच्या किनाऱ्याबद्दल बोलत राहतात.

आता प्रत्यक्ष निवड. तिच्यासाठी तुलनेचा तक्ता करतात. उभ्या रकान्यांत वेग, शिकायला सोपी, लायब्रऱ्या, कम्युनिटी, भवितव्य असे निकष लिहायचे, आडव्या ओळींत भाषा, आणि प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. हा तक्ता शास्त्रीय समजला जातो. बेरीज केल्यावर भलतीच भाषा पहिली येते. मग ‘सगळे निकष सारखे महत्त्वाचे कसे धरता येतील?’ असा मुद्दा निघतो आणि निकषांना वजने दिली जातात. वजने दिल्यावर आवडती भाषा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येते. शेवटी ‘टीमला आधीपासून येते’ असा एक निकष घालतात, त्याला सर्वांत जास्त वजन देतात, आणि तक्ता बरोबर येतो. टीममध्ये एकच माणूस असला तरी तक्ता करावाच लागतो.

या तक्त्यातला भवितव्याचा रकाना तर वेगळ्या अभ्यासाचा विषय होईल. तो भरणारे लोक आत्मविश्वासाने आठ-नऊ गुण देतात. फ्लॅशलाही एके काळी असेच गुण असत. ते ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट त्यानंतरच्या ऑक्टोबरात गेले. फोनगॅप २०२० मध्येच अडोबीने आवरते घेतले. ज्या भाषेला सगळे म्हातारी म्हणून दोन गुण देतात ती सी मात्र अजून कामावर आहे.

तक्ता चालू असताना सल्लागार जमतात. त्यांच्यातला एक रस्ट भाषेचा असतोच. ‘‘मेमरीची एकही चूक होणार नाही,’’ तो सांगतो. हे बरेचसे खरेही आहे, कारण मेमरीच्या बाबतीत चुकणारा प्रोग्राम रस्टचा कंपायलर सहसा पुढे जाऊच देत नाही, आणि नवशिक्याला पहिले काही आठवडे तो काहीच पुढे जाऊ देत नाही. कालच एक व्हिडिओ पाहून आलेला नवा मुलगा फ्लटरचे नाव घेतो. त्याने दहा मिनिटांत पडद्यावर नमस्कार उमटवून दाखवलेला असतो. नमस्कार सगळ्याच भाषांत दहा मिनिटांत उमटतो. कोपऱ्यात बसलेली टेस्टिंगची मुलगी विचारते, ‘‘नुसती वेबसाइट का करत नाही? ब्राउझर पाचही जणांकडे आहे.’’ यावर खोलीत थोडा वेळ शांतता पसरते. सूचना इतकी योग्य असते की ती मान्य केली तर तक्त्याचे काय करायचे, हा प्रश्न पडतो. ती कमिटीपुढे जाते आणि कमिटी सगळ्यांना सोडवते: ‘‘वेबसाइट नको. शेजारच्या सोसायटीचं अ‍ॅप आहे.’’

भाषा कोणतीही ठरली तरी पुढचे दोन प्रसंग ठरलेले असतात. पहिला पावतीचा. पडद्यावर ‘सिंकिंग निधी’ नीट उमटतो, पण पीडीएफ करणाऱ्या लायब्ररीला देवनागरीची मांडणी येत नसेल तर तीच अक्षरे जशी टाइप झाली त्या क्रमाने छापली जातात. ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी जायची ती मागे पडते आणि पुढच्याला चिकटते, जोडाक्षरांचे पाय मोडून तुकडे होतात, आणि कुऱ्हाडे आडनावाच्या सभासदाला आपले नाव ओळखू येत नाही. लायब्ररीच्या लेखकाला कळवले तर समजते की हीच तक्रार एका थाई माणसाने आणि एका तमिळ माणसाने पूर्वीच केलेली आहे आणि ती उघडीच आहे. तेवढ्यात खजिनदार विचारतात, ‘‘इंग्लिशमध्ये छापलं तर?’’ हा उपाय बहुतेक ठिकाणी कायमचा होतो.

दुसरा प्रसंग प्रिंटरचा. ब्लूटूथचा स्वस्तातला पावती-प्रिंटर वॉचमनच्या अँड्रॉइडशी झटकन जुळतो. खजिनदारांच्या आयफोनला तो दिसतही नाही, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवरून बोलणाऱ्या उपकरणाला अ‍ॅपलचा परवाना लागतो. खजिनदार फोन उंच धरून पाहतात, प्रिंटरच्या जवळ नेऊन पाहतात, आणि मग प्रोग्रामरकडे पाहतात. प्रोग्रामर तोवर दुसऱ्या भाषेचा तक्ता उघडून बसलेला असतो.

राहता राहिला खर्च. अँड्रॉइडसाठी गूगलला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. आयफोनवरच्या अ‍ॅपसाठी अ‍ॅपलचे सभासदत्व दर वर्षी ९९ डॉलरचे. ते थकले की अ‍ॅप स्टोअरवरून उतरते. शिवाय ते तयार करणारा एक्सकोड मॅकवरच चालतो, त्यामुळे स्वतःचा नाही तर भाड्याचा मॅक लागतोच, आणि तो बऱ्यापैकी नवाही लागतो. अ‍ॅप सीमध्ये लिहा, डार्टमध्ये लिहा किंवा कोटलिनमध्ये, या रकमेत एका डॉलरचाही फरक पडत नाही.